गिनी पिगचा बिछाना: ओल जाते कुठे?

पुण्यात घरात गिनी पिग पाळणाऱ्याला बिछान्याचा खरा धडा जूनमध्ये मिळतो. मार्च ते मे काहीही अंथरलं तरी चालून जातं. हवा कोरडी असते, गॅलरीतला टॉवेल दोन तासांत कडकडीत वाळतो, लेंड्या खडखडीत होऊन झाडूने सहज निघतात. पाऊस लागला की तोच बिछाना तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारायला लागतो. म्हणून एकेक प्रकार लावून पाहताना आम्ही एकच प्रश्न धरून ठेवला: शू केल्यावर ती ओल जाते कुठे, आणि तिथून ती घराबाहेर कशी काढायची? मऊपणा, रंग, किंमत हे सगळं त्यानंतर.

आधी मापं, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर बेतलेले आहेत. दोन प्रौढ गिनी पिग, पिंजरा 14 इंची जाळीचे चौकोन जोडून केलेला, तळ 28 बाय 56 इंच, म्हणजे साधारण एक चौरस मीटर. तळाशी सनपॅक शीट, दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीचे फलक ज्यावर छापतात ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट. फलक करणाऱ्यांकडे ती 8 बाय 4 फुटांत मिळते. 40 बाय 68 इंचांचा तुकडा कापून चारही कडा 6 इंच उभ्या दुमडायच्या. दुमडण्यासाठी ब्लेडची चीर बाहेरच्या अंगाला आणि फक्त एका थरापुरती मारायची. आतल्या अंगाला मारली तर शू त्या नळ्यांत शिरते, आणि मग शीट फेकण्यावाचून इलाज नसतो. कोपरे आत चिकटपट्टी न लावता बाहेरून बांधायचे. चिकटपट्टीचा डिंक शू पितो, वर ती कुरतडलीही जाते.

आता या प्राण्याचं शरीर. गिनी पिगच्या तळपायाला केस नसतात. वजन 700 ग्रॅम ते 1200 ग्रॅम, आणि दिवसाचा बराच वेळ गवताशी, एकाच जागी बसण्यात जातो. ती जागा ओली, टणक किंवा टोचरी असेल तर तळव्याला लाली येते, मग साल निघते, सूज येते, खपली धरते आणि शेवटी जंतू आत शिरतात. हे दुखणं एकदा मुरलं की बरं व्हायला महिने लागतात. तारेच्या जाळीचा तळ म्हणूनच पहिल्या फेरीत बाद. दुसरी गोष्ट नाकाची. लघवीतल्या युरियाचं जंतू अमोनियात रूपांतर करतात, आणि गिनी पिगचं नाक बिछान्यापासून जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वर असतं. अमोनियाने श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावलं की फुप्फुसाच्या संसर्गाला वाट मोकळी होते. आपण उभे असताना वास येत नाही याला म्हणून काही अर्थ नाही. सकाळी साफसफाईच्या आधी गुडघ्यांवर बसून नाक पिंजऱ्यात, थेट गवताच्या कोपऱ्यात न्यायचं. डोळे चुरचुरले तर बिछाना नापास.

प्रत्येक सुटा प्रकार पिंजऱ्यात टाकण्याआधी दोन चाचण्या केल्या. पहिली धुळीची: दोन मुठी माल काचेच्या स्वच्छ बरणीत घालून झाकण लावायचं, जोरात हलवायची आणि खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत धरायची. दहा सेकंदांनंतरही आत धुकं तरंगत असेल तर तो माल नको. दुसरी ओलीची: काचेच्या सरळ कडांच्या भांड्यात 5 सेंटिमीटर थर करून मधोमध 50 मिलिलिटर पाणी ओतायचं आणि बाजूने पाहायचं. एका मिनिटाने वर टिश्यू दाबायचा. टिश्यू भिजला म्हणजे तळवाही भिजणार.

लाकडाचा भुसा सगळ्यात आधी सुचतो, कारण भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, आणि जवळपास एखादा सुतारही असतोच. तिथला भुसा घेऊ नये. वखारीतला बारीक भुसा धुळीच्या चाचणीत पहिल्या सेकंदात नापास होतो. रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या साली बऱ्या दिसतात, पण त्यात प्लायवूड, एमडीएफ, सागवान, वाळवीचं औषध लावलेलं लाकूड असं सगळं एकत्र असतं. प्लाय आणि एमडीएफच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. देवदाराच्या कुळातल्या लाकडांचा सुवास आपल्याला आवडतो, पण तो वास देणारी द्रव्यंच लहान प्राण्यांच्या श्वासाला आणि यकृताला जाचतात. पाइनही त्यातलाच. घ्यायचाच तर भट्टीत वाळवलेला, धूळ काढलेला, पाकीटबंद घ्यावा. भट्टीत ही द्रव्यं बरीचशी उडून जातात.

भाताचं तूस कोंबड्यांच्या शेडमध्ये चालतं म्हणून इथे चालेल असं वाटतं. ओलीच्या चाचणीत पाणी तुसातून सरळ तळाला गेलं आणि तूस वर कोरडं ठणठणीत राहिलं. तळाला डबकं, वर टोकदार सालपटं. बाद. पेंढा आणि गव्हाचं काड यांचंही तेच, शिवाय डोळ्यात टोक जाण्याची भीती. कोकोपीट रोपवाटिकेत सहज मिळतं आणि ओल पिण्यात त्याला तोड नाही, पण कोरडं असताना त्याची तपकिरी धूळ नाकात जाते, ओलं झालं की पायांना लागून पांढऱ्या गिनी पिगचा रंगच बदलतो, आणि ओल धरून ठेवल्यामुळे पृष्ठभाग कधीच पुरता सुकत नाही. कुंडीत ठेवावं. मक्याच्या कणसाचा भरडा गिनी पिग खातात आणि दमट हवेत त्याला बुरशी धरते. मांजरांसाठीची गुठळ्या होणारी माती तर घरातही आणू नये. बेन्टोनाइट पाणी लागताच फुगतं, आणि गिनी पिग जमिनीवरचं सगळं तोंडात घालून पाहतो.

वर्तमानपत्र फुकट आहे. पुण्यात तर गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीला जातात. पण ते पिंजऱ्यात सर्वांत खाली अंथरायला ठीक. वर आलं की निसरडं आणि दहा मिनिटांत लगदा. कार्यालयातल्या कागद फाडणाऱ्या यंत्रातून निघालेल्या पट्ट्याही ओल्या झाल्या की चटईसारख्या घट्ट बसतात.

उरला तो कागदाच्या लगद्यापासून केलेला, कापसासारखा फुललेला तयार बिछाना. दोन्ही चाचण्यांत तो पास होतो. पाणी खाली न जाता पडल्या जागी गोळा होऊन राहतं, वरचा थर मिनिटभरात जवळजवळ कोरडा लागतो. सुगंधी प्रकार तेवढे टाळायचे. अत्तर वास झाकतं, अमोनिया काढत नाही. अडचण हिशेबाची आहे. एक चौरस मीटरवर 5 सेंटिमीटर थर म्हणजे 50 लिटर फुललेला माल. रोज ओला भाग काढून आठवड्याला पूर्ण बदल धरला तर महिन्याला 200 लिटर, वरची भर वेगळी. सोसायटीच्या कचऱ्यात दर आठवड्याला दोन मोठ्या पिशव्या जातात. पाकिटावरचा आकडा दाबलेल्या मालाचा आहे की फुललेल्या, हे घेताना वाचावं, नाहीतर तुलनाच चुकते. नराच्या बाबतीत सुट्या मालाचे तुकडे गुदद्वाराशेजारच्या घडीत अडकतात, तेवढी जागा आठवड्याला तपासावी. लांब केसांच्या जातींत हाच माल केसांत गुंतून जटा होतात. त्यांचे मागचे केस बोटभर ठेवून कापलेले बरे.

मग फ्लीसकडे वळलो. फ्लीस म्हणजे ब्लँकेटांचं मऊ, केसाळ पॉलिएस्टर कापड, आणि पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. नुसतं फ्लीसचं ब्लँकेट अंथरतात आणि दुसऱ्या दिवशी वास आला की फ्लीसला नावं ठेवतात. फ्लीसचं काम ओल पिण्याचं नाही, खाली पोचवण्याचं आहे. तंतूंच्या मधल्या फटींतून पाणी खाली ओढलं जातं, पण खाली तहानलेलं कापड चिकटून असेल तरच. मध्ये हवा राहिली, सुरकुती पडली, तर शू वरच साचते.

नवं फ्लीस तर पाणी खालीही सोडत नाही. त्यावर ओतलेलं पाणी अळूच्या पानावरच्या थेंबांसारखं फिरत राहतं. कारखान्यातून कापडाला जो हात दिलेला असतो तो निघेपर्यंत, म्हणजे तीन ते चार वेळा, गरम पाण्यात थोडी पावडर घालून धुवावं लागतं. कापड मऊ करणारं सुगंधी द्रव्य मुळीच घालायचं नाही, कारण ते तंतूवर मेणासारखा थर चढवतं आणि सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक धुण्यानंतर फ्लीस टॉवेलवर पसरून 50 मिलिलिटर पाणी ओतायचं. अर्ध्या मिनिटात खाली गेलं तर तयार, नाहीतर पुन्हा धुणं.

कापड घेताना गोळे न धरणारं फ्लीस मागायचं, 200 ते 280 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं. रविवार पेठेत आणि लक्ष्मी रोडच्या आसपास विचारलं की मिळतं. पन्हा बहुतेक 58 ते 60 इंच असतो, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं. 56 इंचांची लांबी पन्ह्यातच बसते, त्यामुळे एक मीटर कापडात एक अख्खा थर निघून दोन्ही बाजूंना खोचायला पाच-पाच इंच उरतात. फ्लीसच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे शिवणीची गरज नाही. गडद एकरंगी कापड टाळावं. त्यावर लघवीचा रंग दिसत नाही. लघवीत लालसर झाक दिसली तर ती वेळीच दिसणं फार मोलाचं असतं. पांढरट, खडूसारखा डाग थोडाफार पडतोच, तो कॅल्शियमचा. तो दाट, वाळूसारखा खरखरीत झाला तर लसूणघास आणि पालक यांचं प्रमाण पाहावं आणि पशुवैद्याला दाखवावं.

खालच्या थराला आम्ही आधी 30 बाय 60 इंचांचे दोन टर्किश टॉवेल घेतले आणि फ्लीससकट चारही कडांनी, मध्ये चौकडा टाकून शिवून घेतले. शिवायच्या आधी टॉवेल दोनदा धुऊन आटवून घ्यायला हवेत, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुती भाग आटतो, फ्लीस आटत नाही, आणि गादीला फुगे येतात. याच फुग्यांखाली हवा राहते. उन्हाळ्यात ही गादी उत्तम चालली. पावसाळ्यात मात्र ती घरातल्या दोरीवर पंख्याखाली टाकूनही दोन-अडीच दिवस वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेली पिंजऱ्यात गेली की पहिल्याच रात्री कुबट वास. दमट कापडात बुरशी वाढते, आणि गिनी पिगच्या अंगावरचा गजकर्ण माणसालाही होतो. हा शिवण्याचा मोह पुण्यात तरी आवरावा.

उपाय घरातच होता. गोधडी शिवायची नाही, घडी घालायची. जुनी सुती साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते, पन्हा 45 इंचांच्या जवळपास. तिच्या लांबीत 56 इंचांच्या जवळजवळ चार घड्या पडतात. 28 इंचांच्या पिंजऱ्यात रुंदीचे 17 इंच जास्त होतात, ते गवताच्या बाजूला आत दुमडले की तिथे आपोआप आठ थर तयार होतात, म्हणजे जिथे शू सगळ्यात जास्त तिथेच जाडी सगळ्यात जास्त. वर फ्लीसचे दोन थर, आणि लांब बाजूंच्या दोन्ही कडा दुमडलेल्या शीटवर मोठ्या कागदी क्लिपांनी पक्क्या. धुताना साडी उलगडली की तो एकच पातळ थर असतो. श्रावणातल्या दमट दिवसातही रात्रभर पंख्याखाली वाळतो. साडी मात्र शंभर टक्के सुती हवी. मिश्र धाग्याची पाणी नीट पीत नाही, आणि जरीचा काठ कापून टाकायचा. सुती कापड वर कधीच उघडं ठेवू नये: ते ओलं राहतं, आणि सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटतो. मांजरपाटही चालतो, पण आधी चार वेळा धुऊन त्याची खळ काढायला हवी.

तान्ह्या बाळांसाठी मिळणाऱ्या ड्राय शीट तयार मिळतात म्हणून मोह होतो. खालच्या पातळ प्लास्टिक थरामुळे त्या गळत नाहीत. लपण्याच्या घरात घालायला छान आहेत. पण कडा कुरतडल्या की तो प्लास्टिक पापुद्रा पोटात जातो, आणि कडकडीत गरम पाण्यात किंवा कडक उन्हात तो थर तडकतो. अख्ख्या पिंजऱ्यासाठी त्या घेऊ नयेत.

आता सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट, जी कापडाइतकीच महत्त्वाची आहे आणि कोणी सांगत नाही. गिनी पिग खाता खाता शू करतो आणि लेंड्या टाकतो. म्हणजे गवत जिथे, ओल तिथे. मग अख्खा पिंजरा ओल पिणारा करण्यापेक्षा गवताची जागाच वेगळी केली. 40 बाय 60 सेंटिमीटरचा प्लास्टिक ट्रे, आत शिरायच्या बाजूची कड सात-आठ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. तळाला वर्तमानपत्र, त्यावर बिनवासाच्या पाइन लाकडाच्या गोळ्यांचा 2 सेंटिमीटर थर, म्हणजे सुमारे 5 लिटर. त्यावर कागदी बिछाना 4 सेंटिमीटर, साधारण 10 लिटर. त्यावर गवत. लाकडी गोळ्या ओल पिऊन फुगतात आणि त्यांचा भुसा होतो. तो भुसा धुळकट असतो आणि गोळ्या तळव्याला टणक लागतात, म्हणून त्या उघड्या कधीच ठेवायच्या नाहीत. आठवड्यातून दोनदा हा ट्रे पूर्ण बदलला तरी कागदी बिछाना महिन्याला 80 लिटर लागतो, 200 नाही. उरलेल्या पिंजऱ्यातलं फ्लीस चार दिवस टिकतं. हीच मिश्र रचना आम्ही कायम केली. पावसाळ्यात ट्रे एक दिवसाआड आणि फ्लीस तिसऱ्या दिवशी, कारण ओल्या, मळलेल्या बिछान्यावर माश्या येतात, आणि मागच्या भागाचे केस ओले असतील तर तिथे अंडी घालतात. अळ्या पडायला एक दिवस पुरतो. सप्टेंबरपर्यंत रोज मागचा भाग उलटून पाहावाच. मुंग्यांचाही याच काळात उपद्रव होतो. त्यांचा खडू पिंजऱ्याभोवती ओढू नये, ते कीटकनाशक आहे. पिंजरा स्टुलांवर असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या पुरतात.

धुण्याची पद्धत अशी बसली. फ्लीस आधी गॅलरीत झटकायचं, मग रबरी ब्रशने एकाच दिशेला ओढायचं. केस आणि गवताच्या काड्या फ्लीसला चिकटतात आणि यंत्राच्या गाळणीत जाऊन बसतात, म्हणून चेन असलेल्या जाळीच्या पिशवीत घालूनच यंत्रात टाकायचं. फ्लीस 40 अंशांना, साडी 60 अंशांना. शेवटच्या खळबळणीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर. त्याने वास आणि कॅल्शियम दोन्ही जातात. सनपॅकवरचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन, वीस मिनिटं भिजवून निघतात. ब्लीचच्या वाटेला जाऊ नये: व्हिनेगरबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि लघवीने भिजलेल्या कापडावर टाकलं तर अमोनियाशी मिळून वेगळाच विषारी वायू. फरशी पुसायचं फिनाईलही पिंजऱ्याजवळ नको. जादा फ्लीसमध्ये डांबरगोळ्या घालून ठेवू नयेत. संच किती लागतात? एरवी तीन, पावसाळ्यात पाच.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. गिनी पिगला 18 ते 24 अंश मानवतात. तिशीच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि पुण्यातला एप्रिल चाळिशीला टेकतो. तेव्हा फ्लीसचा एकच थर, आणि एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा, कडा घासून बोथट केलेला. ते आपणहून त्यावर पसरतात. पाण्याच्या कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडला तर बिछाना दमट होतो, कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा शीटखाली नालीदार पुठ्ठ्याचे दोन थर घातले की फरशीचा गारवा वर येत नाही. एवढं पुरतं.

टाकाऊ मालाबद्दल. ट्रेमधला कागद, लाकूड, गवत आणि लेंड्या हे सगळं कुजणारं आहे. गवत खाणाऱ्या प्राण्याच्या लेंड्या गॅलरीतल्या कंपोस्टच्या कुंडीत चालतात, झाडांना उत्तम. कुंडीत मावत नसेल तर तो ओला कचरा. पण दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना काय आहे ते सांगून, सुट्या बादलीत द्यावा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नाही. एकदा वापरून टाकायचे शोषक पॅड वापरत असाल तर ते डायपरसारखे कागदात गुंडाळून, लाल ठिपका करून वेगळे द्यायचे.

नवा बिछाना एका दिवसात बदलू नये, विशेषतः दोन नर एकत्र असतील तर. सगळा वास एकदम गेला की ते नव्याने हद्द आखायला लागतात आणि भांडतात. जुन्या फ्लीसचा हातभर तुकडा नव्यात दोन दिवस राहू द्यावा. बदलानंतरचे पहिले तीन आठवडे दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आणि चारही तळवे उजेडात. तळवा गुलाबी, कोरडा आणि गुळगुळीत हवा. टाचेवर लाल ठिपका दिसला तर त्या दिवशी साडीची घडी उलगडून पाहावी. बहुतेक वेळा गवताच्या बाजूचा दुमडलेला भाग मागे सरकलेला सापडतो. साडी सरळ असूनही लाली दोन दिवसांत गेली नाही, तर पशुवैद्याकडे.